फुकटच्या कागदाचे 44,379 रुपये

श्रावणात आम्हाला डोकं खाजवायला वेळ नसतो. उपासाचा महिना म्हणजे केळी वेफर्सचा महिना. फैजपूरजवळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, दोन भट्ट्या, एक स्लायसर, एक सीलिंग मशीन आणि गावातल्या पाच बाया. दिवसाला दीड-दोन क्विंटल कच्ची केळी सोलायची, की चिकानं बोटं काळी पडतात आणि आठ-आठ दिवस निघत नाहीत. त्याच काळ्या बोटांनी फोन कानाला धरून, समोर तेल तापत असताना, मी एका अनोळखी बाईला आधारचा ओटीपी वाचून दाखवला.

मी अडाणी नाही. बी.कॉम. झालेय, जीएसटीची रिटर्न्स माझी मी भरते. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर ज्याला त्याला वाटलं की हिला काही कळत नसणार.

आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. महिलांच्या मालकीच्या उत्पादक उद्योगांना सरकारी खरेदीत 3 टक्के वाटा, त्यासाठी ‘महिला उत्पादक प्रमाणपत्र’ काढून मिळेल. खाली नंबर. कोणी टाकला होता ते नंतर शोधलं, तर तोही कुठून तरी पुढे आलेला. मी फोन केला. पलीकडची बाई इतकी गोड बोलणारी! ताई ताई करत तिनं मला विचारलं, माल कुठं जातो, पाऊच किती ग्रॅमचा, अन्नपरवाना आहे का. धंद्यातलं कळणारं माणूस वाटलं.

आता खरी मेख ऐका. तिनं सांगितलेलं निम्मं खरं होतं. मी रात्री बसून मोबाइलवर शोधलं. केंद्र सरकारचं सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी खरेदी धोरण 2012 सालचं आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला 25 टक्के माल छोट्या उद्योगांकडून घ्यायचा, आणि 2018 पासून त्यातच 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. सगळं बरोबर निघालं. बाईनं सांगितलेला आकडा सरकारी कागदाशी जुळला म्हणून मी बाईवर विश्वास ठेवला. आकडा खरा आहे की नाही ते तपासलं, पण त्या आकड्यापर्यंत जायला तिची गरज आहे की नाही, ते तपासायचं राहून गेलं.

पहिला हप्ता 1,499 रुपयांचा. ‘उद्यम नोंदणी फी’. उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी. तिनं लिंक पाठवली, त्यावर अशोकस्तंभ, तिरंगी पट्टा, खाली ‘सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग’ असं सगळं. पैसे भरले, आधारचा ओटीपी सांगितला, संध्याकाळी उद्यम प्रमाणपत्र आलंसुद्धा. ते खरं होतं! म्हणून तर पुढची पायरी चढले. आज मला माहीत आहे की उद्यम नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे, तिला एक रुपया लागत नाही, कागद अपलोड करावे लागत नाहीत, आधार, पॅन आणि असेल तर जीएसटी क्रमांक एवढं पुरतं. खऱ्या पोर्टलचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’नं संपतो. माझ्या लिंकमध्ये ‘गव्ह’ होतं खरं, पण मधेच कुठं तरी, आणि शेवटी भलतंच. तिनं काय केलं असणार, माझा फॉर्म स्वतः खऱ्या पोर्टलवर फुकट भरला आणि मला 1,499 ला विकला.

दुसरा हप्ता 18,880. सोळा हजार आणि वर 18 टक्के जीएसटी. हे ते ‘महिला उत्पादक प्रमाणपत्र’. जीएसटी लावलाय म्हणजे पक्कं बिल मिळणार, मग फसवणूक कशी असेल, असा माझा हिशेब. बिल आलंही. जीएसटी क्रमांक 27 नं सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. फक्त तो 14 अक्षरांचा होता आणि असतो 15 चा. दर महिन्याला मी शेकडो बिलांवर तो क्रमांक बघते आणि या बिलावरचा मोजला नाही. पैसे यूपीआयनं गेले तेव्हा समोर नाव कुठल्याशा मोबाइल दुकानाचं आलं. मी विचारलं तर म्हणे, आमचं कलेक्शन खातं आहे.

सासूबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “माय वं, कागदाले येवढे पैशे लागता का?” मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. हे वाक्य मला अजून टोचतं.

प्रमाणपत्र कुरियरनं आलं. जाड कागद, सोनेरी कडा, गोल शिक्का, क्यूआर कोड. आम्ही लॅमिनेट करून शेडमध्ये लावलं, बायांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. क्यूआर स्कॅन केला की माझं नाव असलेलं पान उघडायचं. ते पान त्यांच्याच साइटवरचं आहे, हे बघायला तीन महिने लागले.

आणि मग आली ऑर्डर. नंदुरबारकडच्या आश्रमशाळांतल्या पोरांना नाश्त्याला केळी वेफर्स, 12 लाखांचा माल. खरेदी आदेशावर वर ठळक अक्षरात 2012 च्या त्याच धोरणाचं नाव, आणि खाली ‘महाराष्ट्र शाशन’. होय, शाशन. मुलानं दाखवलं तेव्हा मीच म्हटलं, टायपिंगची चूक असेल रे. 12 लाखांच्या 2 टक्के बयाणा रक्कम, म्हणजे आधी भरायची अनामत, 24,000, दोन दिवसांत भरा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या ताईंना जाईल. ह्यांना न सांगता मी भरले. भिशी त्याच आठवड्यात लागली होती.

या 24,000 बद्दल मला जरा जास्त सांगायचंय. ज्या धोरणाचं नाव त्या आदेशावर छापलं होतं, त्याच धोरणात लिहिलंय की नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना बयाणा रक्कम माफ, निविदेचा संचही फुकट. म्हणजे पैसे मागणारा कागदच सांगत होता की पैसे देऊ नकोस. शिवाय ते धोरण केंद्राच्या खात्यांसाठी आणि केंद्राच्या कंपन्यांसाठी, आश्रमशाळा राज्याच्या. मी धोरणातली 3 टक्क्यांची ओळ वाचली होती. तिच्या आसपासच्या ओळी वाचल्या असत्या तरी भागलं असतं.

पैसे गेले आणि फोन बंद झाला, असं झालं नाही. ती बाई आठ दिवस फोन उचलत होती. साहेब दौऱ्यावर आहेत, ट्रक सोमवारी येईल, पाऊचवर छपाई अशी अशी करा. मी दोन हजार पाऊच छापूनही घेतले. तो खर्च 44,379 मध्ये धरलेला नाही.

पत्ता लागला तो वेगळ्याच कामात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत मशीनला 35 टक्के अनुदान मिळतं, 10 लाखांपर्यंत. आणि आमच्या जळगाव जिल्ह्याचं उत्पादन म्हणून केळीच निवडलेली आहे. त्याच्या अर्जाला मदत करायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, आपल्याकडून पैसे घेत नाहीत. त्या दादांपुढे मी ऐटीत सोनेरी कागद ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि उद्यम मागितलं. ते वाचून म्हणाले, “ताई, तुम्ही वेफर्स बनवता की विकत घेऊन विकता?”

माझ्या उद्यमवर उद्योगाचा कोड 46 नं सुरू होणारा होता. 46 म्हणजे घाऊक व्यापार. खाद्यपदार्थ बनवणाऱ्याचा कोड 10 नं सुरू होतो. व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यममध्ये घेतलंय, पण बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतंच. सरकारी खरेदीतला वाटा त्यांना नाही. म्हणजे ज्या 3 टक्क्यांसाठी मी एवढे पैसे ओतले, त्यातून त्या बाईनं निष्काळजीपणे मलाच बाहेर काढून ठेवलं होतं. पाच बाया रोज केळी सोलतात आणि कागदावर मी व्यापारी!

मी विचारलं, मग महिला उद्योगाचं प्रमाणपत्र कुठं मिळतं? ते म्हणाले, सरकारी खरेदीसाठी वेगळं नसतंच. तुमचा एकटीच्या नावाचा धंदा, उद्यममध्ये मालक म्हणून बाईचं नाव, झालं. भागीदारी असेल तर बायकांचा वाटा किमान 51 टक्के हवा, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तेवढे शेअर्स. माझी जाऊ आणि तिचा भाऊ पापडाच्या धंद्यात निम्मे-निम्मे आहेत, तिला हे सांगितलं तर ती दोन दिवस भावाशी बोलली नाही. असो.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर मी दुसऱ्या टोकाला जाऊन सगळ्यांनाच चोर ठरवेन. मोठ्या खासगी कंपन्यांना माल द्यायचा असेल तर वीकनेक्ट इंटरनॅशनलसारख्या संस्था महिला-मालकीचं प्रमाणपत्र देतात आणि त्याला फी असते. पण ते कागदपत्रं मागतात, जागेवर येऊन बघतात, धंद्यावर खरा ताबा बाईचा आहे की नुसती सही तिची, हे खोदून विचारतात. माझ्या ‘प्रमाणपत्र’वाल्यांनी शेडचा एक फोटोसुद्धा मागितला नव्हता.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला तो शेवटचे पैसे गेल्यानंतर नवव्या दिवशी. तिथल्या माणसानं पहिलंच विचारलं, इतका उशीर का? पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवतात, लगेच कळवलं तर वाटेत अडवता येतात. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, बिल, कुरियरचं पाकीट, सगळं जोडलं. 24,000 पैकी 11,200 एका बँकेत अडकून आहेत, ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं होतं. बाकीचे गेले. किलोमागे मला 25 रुपये सुटतात. 44,379 म्हणजे पावणेदोन टन वेफर्स, चाळीसेक दिवसांची मेहनत.

पैशांपेक्षा जास्त छळलं ते उद्यमनं. त्यावर मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही त्या बाईचे. दुरुस्ती करायची तर ओटीपी तिलाच जाणार! आणि एका उद्योगाला दुसरी नोंदणी करता येत नाही. जळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रात तीन फेऱ्या झाल्या, केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या चॅम्पियन्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, सोबत पोलिस तक्रारीची प्रत. नंबर बदलून मिळाला, मग कोड बदलला. तुमचं उद्यम एजंटानं काढलं असेल तर आजच काढून बघा, मोबाइल कोणाचा आहे आणि कोड काय आहे. आमच्या गटातल्या चौघींनी बघितलं, दोघींच्या उद्यमवर एजंटाचाच नंबर.

परवा पुन्हा फोन आला. आवाज पुरुषाचा. “ताई, तुमच्या उद्यमचं रिन्यूअल आलंय, नाही केलं तर रद्द होईल.” उद्यमला रिन्यूअल नसतं. मी फोन स्पीकरवर टाकला, बायांनी स्लायसर बंद केला. किती लागतील, म्हणून विचारलं. 2,999 म्हणाला. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, “नंबर लिही वं त्याचा!” लिहून घेतला आणि 1930 ला कळवला. मग भट्टी पेटवली, तेल गार झालं होतं.