एमॅक्समधलं क्वेरी-रिप्लेस: सेटिंग, कीमॅप, स्वतःची कमांड की पॅकेज?

एमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मेटा-% (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट) दाबलं की क्वेरी-रिप्लेस सुरू होतं: शोध आणि बदली लिहिली की एमॅक्स प्रत्येक जुळणीपाशी थांबून विचारतो: बदलू का? वाय म्हणजे हो, एन म्हणजे राहू दे, उद्गारचिन्ह म्हणजे उरलेलं सगळं न विचारता बदल. रोजच्या कामाला एवढं पुरतं. पण मोठ्या कोडबेसमध्ये नावं बदलायला लागलात की काही गोष्टी खुपायला लागतात. कॉमेंटमधले शब्द उगाच मधे येतात, ठरावीक जुळण्यांना वेगळी वागणूक हवी असते, एखादं बटण हाताला बसत नाही. मग कॉन्फिग फाईल उघडली जाते, आणि तिथे चार वाटा दिसतात. माझा कल सुरुवातीलाच सांगतो: नुसती सेटिंग पुरत नसेल तर स्वतःची छोटी कमांड लिहा. कीमॅपमध्ये, म्हणजे कुठल्या बटणाने काय होतं त्या यादीत, सर्वांसाठी बदल करण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे.

त्याआधी, आहे त्यात काय काय दडलंय ते पाहून घ्या. खूपदा लोक जे लिहायला बसतात ते आधीच तयार असतं. ^ दाबलं की मागच्या जुळणीवर जाता येतं. यू शेवटची बदली रद्द करतं आणि मोठं यू सगळ्या बदल्या रद्द करतं. ही दोन बटणं २०१८ च्या २६.१ आवृत्तीत आली. स्वल्पविराम दाबला तर बदल होतो पण कर्सर तिथेच थांबतो, म्हणजे निकाल डोळ्यांनी पाहून पुढे जाता येतं. ई दाबून बदलीचा मजकूर मधेच सुधारता येतो. मजकूर निवडलेला असेल तर काम तेवढ्यापुरतंच चालतं. आणि साध्या शोधात असतानाच मेटा-% दाबलं तर शोधलेला शब्द पुन्हा टाइप करावा लागत नाही.

रेगेक्सच्या (नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधण्याच्या) प्रकारात, म्हणजे कंट्रोल-मेटा-% मध्ये, तर बदलीच्या जागी थेट लिस्प, म्हणजे एमॅक्सची स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा, लिहिता येतं. समजा एखाद्या फाईलमधले सगळे आकडे दुप्पट करायचेत, पण एकेक बघून. शोध द्या `[0-9]+` आणि बदली द्या `\,(* 2 \#&)`. आता 8 पाशी थांबल्यावर तो तळाच्या ओळीत 16 दाखवून विचारेल. बदलीत `\?` टाकलंत तर प्रत्येक वेळी मजकूर हाताने सुधारायची संधी मिळते. इतकी ताकद फुकट मिळत असताना पॅकेज शोधत बसणं मला पटत नाही. फक्त टर्मिनलमध्ये कंट्रोल-मेटा-% हा जोड बऱ्याचदा एमॅक्सपर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा त्या कमांडला दुसरा शॉर्टकट द्या.

सेटिंगचा मार्ग सर्वात स्वस्त. केस-रिप्लेस हे व्हेरिएबल चालू असताना शोध पूर्ण छोट्या अक्षरांत लिहिला, तर मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या जुळणीच्या जागी बदलीही मोठ्या अक्षराने सुरू होते. शोधात एक जरी मोठं अक्षर असलं तर बदली लिहिली तशीच्या तशी बसते. कोडमध्ये हे आपोआप होणं नकोसं वाटत असेल तर ते व्हेरिएबल बंद करा, तेही फक्त कोडच्या मोडपुरतं (मोड म्हणजे त्या प्रकारच्या फाईलीसाठीची एमॅक्सची वागणूक). रिप्लेस-लॅक्स-व्हाइटस्पेसमुळे शोधातली एक स्पेस सलग अनेक स्पेसशी जुळते. क्वेरी-रिप्लेस-स्किप-रीड-ओन्लीमुळे बदलता न येणारा भाग वगळला जातो. या मार्गाची मर्यादा एकच: ज्याची सोय आधी कुणी करून ठेवली आहे तेवढंच बदलता येतं.

दुसरा मार्ग कीमॅपचा. वाय, एन, उद्गारचिन्ह ही बटणं क्वेरी-रिप्लेस-मॅप नावाच्या कीमॅपमध्ये असतात. तिथे बटणांना बहुतेक कमांड जोडलेल्या नसतात, उत्तरं जोडलेली असतात: अॅक्ट, स्किप, ऑटोमॅटिक, बॅकअप, एक्झिट अशी चिन्हं. एखादं बटण आवडत नसेल तर डिफाइन-की वापरून ओळभरात दुसरं लावता येतं. सोपं आहे, म्हणूनच लोक आधी इथे हात घालतात. पण या कीमॅपवर एकटं क्वेरी-रिप्लेस अवलंबून नाही. एमॅक्समधले साधे हो-नाही प्रश्नही याच कीमॅपवर उभे आहेत. फाईल सेव्ह करू का, असं विचारतानाही तुमचं नवं बटण उत्तर म्हणून धरलं जाऊ शकतं. बदलीसाठी स्पेसला किंवा एखाद्या अक्षराला वेगळा अर्थ दिलात तर त्याचा परिणाम भलतीकडे दिसेल. म्हणून मी हा मार्ग कुणालाही सुचवत नाही.

अॅडव्हाइसचा, म्हणजे मूळ फंक्शनला बाहेरून वेटोळं घालण्याचा विचारही अनेकांच्या डोक्यात येतो. क्वेरी-रिप्लेसचं खरं काम करणारं पर्फॉर्म-रिप्लेस हे एक लांबलचक फंक्शन आहे आणि बटण वाचण्याचं चक्र त्याच्या पोटात आहे. बाहेरून घातलेलं वेटोळं त्या चक्रात शिरू शकत नाही. मग अख्खं फंक्शन कॉपी करून आपल्या फाईलमध्ये ठेवलं जातं, आणि पुढच्या आवृत्तीत मूळ सुधारलं तरी तुमच्याकडे जुनंच चालत राहतं.

आता स्वतःची कमांड. पर्फॉर्म-रिप्लेसचा सातवा आर्ग्युमेंट (फंक्शनला दिली जाणारी माहिती) कीमॅप आहे, आणि सगळी सोय तिथेच आहे. रिकामा कीमॅप तयार करा, सेट-कीमॅप-पेरेंटने त्याचा पालक म्हणून क्वेरी-रिप्लेस-मॅप लावा, हवी तेवढीच बटणं त्यात भरा आणि तो सातव्या जागी द्या. बाकीची बटणं पालकाकडून येतात, हो-नाही प्रश्नांना धक्का लागत नाही. बदलीच्या जागी मजकुराऐवजी फंक्शन आणि त्याचा डेटा यांची जोडीही देता येते. त्या फंक्शनला तो डेटा आणि आतापर्यंत किती बदल झाले तो आकडा मिळतो, त्यामुळे अनुक्रमांक घालणं सहज जमतं.

कॉमेंट आणि स्ट्रिंग वगळण्याचं उत्तरही याच कमांडमध्ये बसतं. जुळणी स्वीकारायची की नाही हे आयसर्च-फिल्टर-प्रेडिकेट या व्हेरिएबलमधलं फंक्शन ठरवतं, आणि क्वेरी-रिप्लेससुद्धा त्याला विचारतं. आपल्या कमांडमध्ये लेट वापरून ते तात्पुरतं बदला. एखादी जागा कोडच्या कुठल्या भागात आहे ते सांगणाऱ्या सिंटॅक्स-पीपीएसएस या फंक्शनच्या उत्तरातला आठवा घटक (मोजणी शून्यापासून) कॉमेंट किंवा स्ट्रिंगच्या आत रिकामा नसतो, तेव्हा तो रिकामा असेल तरच होकार द्या. इथे एक बारकावा सांभाळावाच लागतो. सिंटॅक्स-पीपीएसएस कर्सर हलवतं आणि ताज्या जुळणीची माहितीही पुसू शकतं. म्हणून ती हाक सेव्ह-एक्सकर्शन आणि सेव्ह-मॅच-डेटा या दोन्हींच्या आत ठेवा. आधीचं फिल्टरही पाळायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या एखाद्या मोडने लावलेली बंधनं गळून पडतील. एवढं सगळं पंधरा-वीस ओळींत मावतं, आणि ती कमांड काढून टाकली तर मागे काही उरत नाही.

पॅकेजेस घ्यावीत ती दिसण्यासाठी. व्हिज्युअल-रेगेक्स्प शोध आणि बदली लिहीत असतानाच बफरमध्ये, म्हणजे उघडलेल्या मजकुरात, परिणाम दाखवतं. रेगेक्सचे कंस चुकत असतील तर याचा उपयोग फार. त्याचं स्टेरॉइड्स नावाचं जोडपॅकेज पायथनच्या धाटणीचे रेगेक्स वापरू देतं, लिस्पच्या उलट्या तिरप्या रेघांना कंटाळलेल्यांना ते आवडेल. अँझू एकूण किती जुळण्या आहेत ते मोड-लाइनमध्ये, म्हणजे खिडकीखालच्या माहितीच्या पट्टीत, दाखवतं. आय-एडिट मात्र वेगळ्या जातीचं आहे. ते विचारतच नाही, सगळ्या जागी एकदम टाइप होतं. एका फंक्शनमधलं लोकल नाव बदलायला उत्तम, पण जिथे प्रत्येक जागेचा निर्णय वेगळा आहे तिथे नको.

नुकतंच एमॅक्स शिकत असाल तर सेटिंग आणि हाताशी असलेली बटणं यांवरच थांबा. रेगेक्स लिहिताना धडपड होत असेल तर व्हिज्युअल-रेगेक्स्प घ्या. तोच नियम रोज पाळावा लागत असेल, जसं कॉमेंट वगळा, अनुक्रमांक घाला, अमुक बटणाने तमुक करा, तर कमांड लिहा. लिस्प फारसं येत नसलं तरी चालेल, कारण हा तुकडा छोटा आहे आणि चूक लगेच दिसते. ती आधी एमॅक्स -Q (मोठं क्यू) ने उघडलेल्या कोऱ्या सत्रात चालवून पाहा, म्हणजे दोष तुमच्या ओळींचा की इतर कॉन्फिगचा ते कळेल.

बदल अनेक फाईलींत असेल तर कंट्रोल-एक्स पी आर प्रोजेक्टभर फिरतं आणि डायर्डमध्ये (एमॅक्समधल्या फाईलींच्या यादीत) मोठं क्यू निवडलेल्या फाईलींवर. तिथे मोठं वाय दाबलं तर उरलेल्या सगळ्या फाईलींत न विचारता बदल होतो, मोठं एन दाबलं तर चालू फाईल सोडून पुढच्या फाईलीवर जातं. एमॅक्स ३० मध्ये बदल डिफच्या, म्हणजे जुन्या-नव्या ओळींच्या फरकाच्या, रूपात आधी दाखवणाऱ्या कमांडही आल्या आहेत. शंभर जुळण्यांना एकेक उत्तर देण्यापेक्षा तो डिफ वाचून मग लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.