एन्टर दाबला की सर्व्हरला जातंय: पट्टीच्या वेब सॉफ्टवेअरचा दोन हंगामांचा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी २७ वर्षं दिवाणजी आहे. त्यातली २५ वर्षं डॉसच्या काळ्या पडद्यावर गेली. ओळखीतल्या एकानं फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला प्रोग्रॅम होता. माउसचा संबंधच नव्हता. नाव, एन्टर, गाव, एन्टर, पोती, एन्टर, वजन, एन्टर, दर, एन्टर. शेवटी कंट्रोल धरून डब्ल्यू दाबला की पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, सेव्ह, आणि टेबलाखालचा डॉट मॅट्रिक्स करकरायला लागायचा. समोरच्या शेतकऱ्याची तंबाखू मळून व्हायच्या आत पट्टी त्याच्या हातात. मी कीबोर्डकडं बघतही नव्हतो, बोलत बोलत काम व्हायचं.

ते सोडायचं कारण म्हणजे ऑगस्ट २०१९ चा पूर. दुकान वाचलं, पण बॅकअपच्या सीड्या आणि जुन्या चोपड्या मालकांच्या खणभागातल्या घरी होत्या. तिथं पाणी शिरलं. तेव्हापासून मालकांच्या डोक्यात एकच, की हिशेब आता इंटरनेटवर पाहिजे. पण आमच्या मालकांचा निर्णय म्हणजे हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवातली हळद, झाकून ठेवली तरी खराब होत नाही. चार वर्षं गेली आणि गेल्या हंगामात वर्षाला १८,००० रुपये भरून हे सॉफ्टवेअर आलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तक्रारी बऱ्याच लिहिणार आहे, आणि माणसं वाईट नाहीत. ज्यांना घ्यायचंय त्यांनी नाव बघू नये, खाली लिहिलंय ते विकणाऱ्यापुढं बसून स्वतःच्या बोटांनी तपासावं.

पहिला दिवस. फेब्रुवारी, आवक सुरू झालेली. नाव टाकलं, एन्टर मारला. पडदा पांढरा. परत आला तेव्हा समोर मागल्या आठवड्यातल्या पट्ट्यांची यादी. मला वाटलं चुकून कुठं हात लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वजन टाकून एन्टर, तरी जुनी यादी. सेवा केंद्राला फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, "काका, एन्टर नाही, टॅब दाबायचं." २५ वर्षांच्या सवयीला टॅब दाबा म्हणून सांगणं सोपं असतं. टॅब डाव्या करंगळीला, आकडे उजव्या हाताला. उजव्या हाताच्या आकडेपाटीच्या कोपऱ्यात एवढं मोठं एन्टर दिलंय ते काय उगीच?

पाडव्याला भाचा आला होता. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, आता पुण्यात नोकरीला. त्याला दुकानात बसवला, चहा आणि भडंग पुढं ठेवलं आणि म्हटलं, ह्याचं पोट फाडून दाखव. त्यानं पानाच्या वेबपत्त्याच्या टोकाला असलेलं एएसपीएक्स बघितलं आणि हसला. "मामा, हे वेब फॉर्म्स आहे. मायक्रोसॉफ्टनं २००२ साली आणलं. जुनं आहे, पण चालतंय अजून."

मग त्यानं सांगितलं ते मला पटलं म्हणून इथं देतो. ब्राउझरमधल्या फॉर्ममध्ये एका ओळीच्या चौकटीत एन्टर दाबला, की ब्राउझर त्या फॉर्ममधलं पहिलं सबमिटचं बटण दाबलं असं धरतो. आमच्या पानावर सगळ्यात वर बटण होतं 'शोधा'चं. म्हणून वजन टाकलं काय, दर टाकला काय, ते बिचारं जुन्या पट्ट्या शोधायला पळत होतं. यावर उपायही त्यातच दिलेला आहे. पानाच्या त्या भागाला 'डीफॉल्ट बटण' नेमून द्यायचं, म्हणजे एन्टर त्याच बटणाला लागू होतो. एका ओळीचं काम. कुणी केलं नव्हतं.

पण खरं दुखणं पुढं होतं. मी विचारलं, दर टाकून एन्टर मारल्यावर रक्कम आपोआप का येत नाही, डॉसमध्ये यायची. तो म्हणाला, "मामा, डॉसमध्ये तुमचं बोट आणि प्रोग्रॅम एकाच खोलीत होते. इथं बोट सांगलीत आणि कोड सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या लांबच्या संगणकावर. सर्व्हरला बटणाचा आवाज येत नाही." आवाज येतो तो ब्राउझरला. वेब फॉर्म्सच्या चौकटीला सर्व्हरच्या बाजूला 'कीबोर्डचं बटण दाबलं' अशी घटनाच नाही. 'मजकूर बदलला' अशी आहे. पण ती तेव्हाच्या तेव्हा पाहिजे असेल तर ऑटो पोस्टबॅक, म्हणजे पान आपोआप सर्व्हरला पाठवायची सोय, चालू करावा लागतो, आणि तोही प्रत्येक अक्षराला नव्हे, चौकटीतलं लिहून संपलं की मगच जातो. प्रत्येक बटणावर काही करायचं असेल तर पानातल्या जावास्क्रिप्टनं कीडाउन, म्हणजे बटण दाबल्याची घटना, पकडायची, तो १३ नंबरचा म्हणजे एन्टर आहे का बघायचं, आणि डू-पोस्टबॅक नावाच्या फंक्शनला हाक मारायची. ते दोन लपवलेल्या चौकटींत कुणी हाक मारली आणि काय निरोप आहे एवढं लिहून अख्खा फॉर्म सर्व्हरला पाठवतं. सर्व्हर चिठ्ठी वाचतो, काम करतो आणि पान नव्यानं लिहून परत पाठवतो.

अख्खा फॉर्म म्हणजे अख्खा. त्यात व्ह्यूस्टेट म्हणून एक गाठोडं असतं, पानाची आधीची अवस्था त्यात बांधलेली. भाच्यानं काढून दाखवलं, अक्षरांचा पसारा संपतच नव्हता. टपरीवरनं एक चहा आणायला पोऱ्याला पाठवायचं आणि जाताना त्याच्या डोक्यावर दुकानाच्या सगळ्या चोपड्या द्यायच्या, तसं हे.

कंपनीनं काय केलं होतं, तर नऊच्या नऊ चौकटींना ऑटो पोस्टबॅक लावला होता. हळकुंड, गड्डा, कणी यांची पोती वेगळी, वजनं वेगळी, वर दर, हमाली, तोलाई. हंगामात दिवसाला दीडशे पट्ट्या धरा, तेवढ्याच १,३५० फेऱ्या. कशासाठी? वजन गुणिले दर! हा गुणाकार तर आमचे हमाल पोत्यावर हात ठेवून तोंडी करतात.

मी तक्रार लिहून दिली. आठवड्यानं सुधारणा आली. आता पडदा पांढरा होत नव्हता, अपडेट पॅनेल नावाची सोय लावून पानाचा तेवढाच तुकडा बदलायला लागला. मला वाटलं झालं. उलट त्यानंच घात केला. वजनावर एन्टर मारला की कर्सर दरावर जायचा आणि मागं सर्व्हरची फेरी सुरू. आमचा हात कुठला थांबतोय? १४,५०० चा दर. १ आणि ४ टाकून होतायत तोवर सर्व्हरचं उत्तर आलं, त्यानं दराची चौकट नवी कोरी करून ठेवली आणि कर्सर त्यात नेऊन सोडला. पुढचे ५००च त्यात बसले. पट्टी छापून अथणीकडच्या एका शेतकऱ्याच्या हातात दिली. तो बघतो, मला बघतो, पुन्हा पट्टी बघतो. म्हणाला, "दिवाणजी, हळदच आणली होती की ओ आम्ही, कडबा नव्हे." दुकानात हशा पिकला, पण माझे कान तापले. २५ वर्षांत असली चूक नाही.

मालक चिडले, पैसे परत मागू म्हणाले. मीच म्हटलं थांबा. कारण त्या फोनवरच्या मुलीनं तोवर एक चांगलं काम केलं होतं. तिनं मला टाइप करतानाचा बोटांचा व्हिडिओ मागवला. भडंगाचा चुरा पडलेला कीबोर्ड आणि माझी बोटं, एवढाच. तो बघून त्यांच्या प्रोग्रॅमरला पहिल्यांदा कळलं की मी आकडेपाटीवरचा एन्टर वापरतो. मधल्या एका दुरुस्तीत त्यांनी कोड असा लिहिला होता, की बटणाचं भौतिक नाव 'एन्टर' असेल तरच पुढं जा. आकडेपाटीवरच्या बटणाचं ते नाव 'नमपॅड एन्टर' असं वेगळं असतं. त्याचं बाण असलेलं मोठं बटण चालत होतं, माझं नाही. त्यांच्या ऑफिसात सगळे लॅपटॉपवर, आकडेपाटी कुणाकडं नाहीच.

दुसरं एक सापडलं ते मराठी नावांचं. मी नाव इंग्रजी अक्षरांत उच्चारावरून टाइप करतो, खाली मराठी शब्द सुचतात, त्यातला एन्टरनं उचलतो. तो एन्टर शब्द उचलायचा असतो, चौकट सोडायचा नव्हे. पण यांचा कोड बटण सुटताना, म्हणजे कीअपला १३ बघत होता. बटण दाबताना ब्राउझर २२९ हा आकडा देऊन 'अजून शब्द जुळतोय' असं सांगतो, सुटताना मात्र १३च सांगतो. त्यामुळं 'शिंदे' उचलला की पट्टी निघाली सर्व्हरला, आडनाव आहे, नाव नाही. असे चार नुसते शिंदे अजून आमच्या खात्यात फिरतायत.

तिसरं, दुहेरी पट्टी. एन्टर दाबून धरला तर ब्राउझर तीच घटना पुन्हा पुन्हा पाठवतो. माझी आकड्यांची वही एकदा कोपऱ्यावर पडली आणि एकाच मालाच्या सहा पट्ट्या तयार. आता दाबून धरलेलं बटण पानातच वगळतात, आणि एकाच पट्टीची दुसरी मागणी सर्व्हरही घेत नाही. दोन्हीकडं कुलूप पाहिजे, नुसतं पानात लावून भागत नाही असं भाचा म्हणतो.

यंदाच्या हंगामात जे पान आलं ते मात्र चांगलं आहे, हे कबूल करतो. फेऱ्या आता दोनच. शेतकऱ्याचं नाव शोधताना एक आणि पट्टी सेव्ह करताना एक. मधली सगळी बेरीज-वजाबाकी पानातच होते, सर्व्हर सेव्हच्या वेळी पुन्हा एकदा स्वतः करून पडताळतो. नाव शोधतानाही प्रत्येक अक्षराला पळत नाही. तीन अक्षरं झाली आणि बोट ३०० मिलिसेकंद थांबलं की मगच विचारतो. आधी मागं राहिलेलं उत्तर उशिरा येऊन नव्या यादीवर बसायचं, तेही गेलं. अर्थात सांगलीत 'पाटील' टाइप करून कुणाला शोधायचं म्हणजे यादी कितीही वेगानं आली तरी खाली उतरता उतरता चहा गार होतो. गाव आधी विचारा असं मी सुचवलंय.

राहिलेल्या खोडी दोन. सौद्याला बाहेर गेलं की पाऊण तास सहज मोडतो. परत येऊन एन्टर मारला की लॉगिनचं पान आणि अर्धी पट्टी गायब. असल्या सर्व्हरवर २० मिनिटं काही हालचाल नसेल तर ओळख पुसायची अशी मूळ मांडणीच असते, ती वाढवता येते. यांनी ४० केली. हळदीच्या सौद्याला ४० मिनिटं म्हणजे अजून ढीग बघूनच झालेला नसतो.

जमेच्या बाजू पटकन सांगतो. पट्टी शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जाते. मालक घरी बसून दिवसाची उलाढाल बघतात, त्यामुळं संध्याकाळचा फोन बंद झाला, हे माझ्या दृष्टीनं १८,०००तले निम्मे वसूल. आणि कृष्णा आयर्विन पुलावर कितीही फूट चढली तरी हिशेब कोरडा. एफ आठला सेव्ह दिलंय तेही बरं, आधी एफ पाचला दिलं होतं. तिथं ब्राउझर पान ताजं करतो, म्हणजे लिहिलेलं पुसतो.

गेल्या हंगामात दीड तारा दिला असता. आज साडेतीन देतो. चौथा अडकलाय तो दुसऱ्या खोडीत, म्हणजे कंट्रोल डब्ल्यूत. माझा हात अजून पट्टी संपली की तिकडंच जातो, आणि ब्राउझरमध्ये त्याचा अर्थ 'टॅब बंद कर'. कंपनीला विचारलं तर म्हणाले हे बटण क्रोम पानाच्या हातात देतच नाही, आम्ही पकडू शकत नाही. भाच्याला विचारलं, तोही तेच म्हणाला. फार तर 'पान सोडायचं का?' असं विचारता येतं, तेवढं त्यांनी केलंय. पण त्या प्रश्नालाही माझा हात सवयीनं एन्टर मारून मोकळा होतो.

शेवटी मी पेचकसानं कीबोर्डवरचं डब्ल्यूचं टोपणच काढून ठेवलंय. 'व' लिहायला व्ही पुरतो. पासवर्डात एक डब्ल्यू होता, तो फोनवरच्या त्या मुलीकडून बदलून घेतला.