कुलूप खरं, घर भलत्याचं

माझे तीन महिन्यांच्या कामाचे पैसे गेले ते एका ‘सुरक्षित’ ईमेलमुळे. साध्या मेलला मी फसले नसते असं मला अजूनही वाटतं. लॉटरी लागली, कुणाची तरी वारसाहक्काची रक्कम अडकली, तुमचं खातं बंद होणार आहे, असल्या मेल मी वर्षानुवर्षं न उघडताच पुसत आलेय. पण ज्या पत्रावर ‘गोपनीय, एन्क्रिप्टेड’ असं लिहिलंय त्याचाच संशय घ्यायचा, हे डोक्यातही आलं नाही. उलट समोरचा माणूस किती काळजी घेतोय म्हणून बरं वाटलं.

मी अहवाल आणि करारांचे अनुवाद करते. ज्या संस्थेचं काम चालू होतं, तिथल्या हिशेब बघणाऱ्या मॅडमशी वर्षभर पत्रव्यवहार होता. एका सकाळी त्यांची मेल आली: ‘सुधारित करार पाठवत आहे. मजकूर गोपनीय असल्याने सुरक्षित संदेश म्हणून पाठवला आहे. वाचण्यासाठी खालील बटण दाबून आपल्या ईमेल खात्याने लॉगिन करावे.’ यात मला काही वावगं वाटलं नाही. खऱ्या सुरक्षित मेल सेवाही बऱ्याचदा अशाच चालतात. मूळ मजकूर तुमच्या इनबॉक्समध्ये येतच नाही. येते ती नुसती सूचना, आणि वाचायला त्यांच्या वेब ॲपमध्ये शिरावं लागतं. म्हणजे लिंक दाबा आणि पासवर्ड द्या ही सवय आपल्याला चांगल्या लोकांनीच लावून ठेवली आहे. चोराला काही नवीन शिकवावं लागलं नाही.

तरी मी पाठवणाऱ्याचा पत्ता तपासला. अक्षर न् अक्षर बरोबर.

बटण दाबलं. माझ्या नेहमीच्या मेल सेवेचं लॉगिनचं पान उघडलं, तोच रंग, तीच मांडणी, वर कुलपाचं चित्र. इथे पहिल्यांदा माशी शिंकली, आणि मला ती ऐकूही आली. माझा पासवर्ड मॅनेजर रोज आपणहून पासवर्ड भरतो. त्या दिवशी रकाना रिकामा राहिला. मी काय केलं? वैतागले. ‘अपडेट झालं की याचं असंच होतं’ असं पुटपुटत मॅनेजर उघडला, पासवर्ड कॉपी केला आणि हाताने चिकटवला. ते बिचारं सॉफ्टवेअर पानाचा रंग बघत नाही, वेबपत्ता बघतं. पत्ता अनोळखी होता म्हणून ते गप्प होतं. त्या सकाळी त्या टेबलावर शहाणं असं तेवढंच होतं.

मग पानाने ओटीपी मागितला. फोनवर खरोखर ओटीपी आला, तोही माझ्या खऱ्या मेल सेवेकडून. दिला. करार उघडला, तर पडद्यावर जुन्याच कराराची प्रत. म्हणून मी त्याच मेलला उत्तर टाकलं, ‘हे आपणच पाठवलंय ना? यात सुधारणा दिसत नाहीत.’ पाच मिनिटांत उत्तर आलं, ‘हो, मीच. चुकून जुनी प्रत गेली, नवी नंतर पाठवते.’ मी निर्धास्त झाले.

ते उत्तर चोराने दिलं होतं. मॅडमचं खातं आधीच त्याच्या हातात होतं. मेल खरी की खोटी हे मी त्या मेलमधल्याच माणसाला विचारत होते.

पुढे तीन आठवडे काहीच घडलं नाही. म्हणजे मला दिसेल असं काही नाही. काम संपलं, मी बिल पाठवलं, आठवण केली, पुन्हा केली. एरवी वेळेवर उत्तर देणाऱ्या मॅडम गप्प. शेवटी फोन केला.

‘अहो, पैसे तर मागच्या शुक्रवारीच दिले,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या नव्या खात्यात.’

‘कुठलं नवं खातं?’

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी माझ्याच पत्त्यावरून गेलेली मेल वाचून दाखवली. बँक बदलल्याचं कारण, नवा खाते क्रमांक, उशिराबद्दल दिलगिरी, आणि शेवटी ‘सस्नेह’. मी प्रत्येक पत्राखाली ‘सस्नेह’ लिहिते. त्याने माझी जुनी पत्रं निवांत बसून वाचली होती. पैसे गेल्याइतकंच मला ते लागलं.

माझ्या खात्याच्या सेटिंगमध्ये शिरले तेव्हा उलगडा झाला. तिथे मी न केलेला एक फिल्टर होता: मॅडमच्या पत्त्यावरून येणारी किंवा ‘बिल’, ‘बँक’, ‘खाते’ हे शब्द असलेली प्रत्येक मेल वाचलेली म्हणून खूण करून आर्काइव्हमध्ये टाकायची. त्यांची ‘खातं बदललं ते नक्की ना?’ अशी विचारणासुद्धा तिथे पडली होती. तिला चोराने माझ्या नावाने ‘नक्की’ असं उत्तर दिलं होतं. म्हणजे मॅडमनीही माझ्यासारखीच खात्री करून घेतली होती, त्याच माणसाकडून.

ओटीपी असताना तो आत कसा शिरला, हे समजायला मला वेळ लागला. ते पान नुसतं नकली चित्र नव्हतं. मधला दलाल होता. मी लिहिलेला पासवर्ड आणि ओटीपी ते त्याच क्षणी खऱ्या सेवेकडे पोचवत होतं. खऱ्या सेवेने मला आत घेतलं आणि लॉगिन झाल्याची खूण म्हणून एक सेशन कुकी दिली, ती दलालाने ठेवून घेतली. ती कुकी म्हणजे हातावर मारलेला शिक्का. तो दाखवला की दारावर पुन्हा कुणी काही विचारत नाही.

आणि कुलूप? तुमचा ब्राउझर आणि ते पान यांच्यामधला रस्ता बंदिस्त आहे, मधल्या मध्ये कुणी ऐकणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. पलीकडच्या टोकाला कोण बसलंय याची हमी त्यात नाही. वेबपत्ता आपल्या ताब्यात आहे हे दाखवलं की या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र काही मिनिटांत आणि फुकट मिळतं. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ मध्ये ही सोय सर्वांना खुली केली, ती चांगल्यासाठीच, पण चोरही त्याच रांगेत उभे राहतात. क्रोमने तर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं कुलपाचं चित्रच काढून टाकलं, कारण लोक त्याचा अर्थ ‘ही साइट विश्वासू आहे’ असा घेत होते. मीही त्यातलीच.

पाठवणाऱ्याच्या पत्त्याचंही तसंच. ईमेल ज्या एसएमटीपी नियमांवर चालते ते १९८२ चे, आणि त्यात पाठवणाऱ्याने आपलं नाव काय लिहावं यावर मुळात बंधनच नव्हतं. पुढे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्या आल्या. मी नंतर ‘मूळ संदेश दाखवा’ उघडून पाहिलं तर ती मेल या तिन्ही तपासण्यांत उत्तीर्ण होती. होणारच! ती मॅडमच्या खऱ्या खात्यातूनच निघाली होती. या तपासण्या पत्र कुठल्या डोमेनचं, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचं, आहे ते बघतात. कीबोर्डवर कुणाची बोटं आहेत ते त्यांना कळत नाही.

मग खरी सुरक्षित ईमेल असते तरी का? असते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी नावाचं सॉफ्टवेअर आणलं, त्यात मजकूर पाठवणाऱ्याच्या संगणकावरच बंद होतो आणि वाचणाऱ्याच्या किल्लीनेच उघडतो. पण ती किल्ली वेबपानाच्या हाती गेली की बात निराळी. हशमेल या एन्क्रिप्टेड वेबमेल सेवेने न्यायालयाच्या आदेशावरून ग्राहकांच्या मेल उलगडून दिल्याचं २००७ मध्ये उघड झालं होतं. सर्व्हरवर उलगडणारी पद्धत वापरली की ग्राहकाचा पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, त्यांच्या सर्व्हरपर्यंत पोचत असे. तिथे कागदपत्रांसह न्यायालय होतं, माझ्याकडे भामटा होता, पण रचना एकच: ज्या पानावर पासवर्ड लिहाल, त्या पानाच्या मालकाला किल्ली मिळते.

निस्तरतानाही मी चुकले. आधी पासवर्ड बदलला आणि सुटले असं समजून झोपले. फिल्टर मात्र तसाच होता, पासवर्डशी त्याचा काही संबंध नसतो. आधीची सगळी लॉगिनंही पासवर्डबरोबर तुटतातच असं नाही. ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हे मी दुसऱ्या दिवशी शोधून दाबलं. मेल दुसरीकडे पाठवण्याचा पत्ता, जोडलेली परकी ॲप्स, खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर, हे एकेक करून तपासलं. परत मिळवण्याचा ईमेल पत्ता बदललेला निघाला. आता ओटीपीऐवजी पासकी वापरते, म्हणजे फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली. ती खऱ्या वेबपत्त्याशी बांधलेली असते, नकली पानावर चालतच नाही, मी कितीही हट्ट केला तरी.

बँकेला कळवलं तोवर रक्कम पुढच्या खात्यांत पांगली होती. पहिल्या काही तासांत कळतं तर कदाचित अडवता आली असती; आम्हाला कळायला सहा दिवस लागले. संस्था म्हणाली आम्ही पैसे दिलेत, मी म्हणाले मला मिळाले नाहीत. दोघींच्याही खात्यांत चोर शिरला होता, तेव्हा कोण कुणाला बोल लावणार? बरीच ताणाताणी होऊन नुकसान निम्मं निम्मं वाटून घेतलं.

हल्ली बिल पाठवलं की मॅडम माझ्या जुन्याच नंबरावर फोन करतात आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे माझ्याकडून म्हणवून घेतात. गेल्या महिन्यात माझा घसा बसला होता. आवाज ओळखू येईना म्हणून त्यांनी पैसे दोन दिवस रोखून धरले.