नॉटिंगहॅमचा व्हाइटवॉटर कोर्स आणि आमचा कयाक क्लब: एका हिवाळ्यानंतर

आधीच सांगते, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलंय आणि इथे इंग्लंडात आल्यावर ‘तसंच काहीतरी’ हवंय, एवढ्यासाठी क्लबचं सभासदत्व घेऊ नका. राफ्टमध्ये मागे गाइड बसलेला असतो. तो ‘फॉरवर्ड’ ओरडला की आपण वल्हं मारायचं आणि खाली पोचल्यावर फोटो काढायचे. तेवढंच हवं असेल तर इथेही राफ्टची तिकिटं मिळतात. क्लबात येऊन कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची अरुंद, बंदिस्त नाव, शिकायची म्हणजे निम्मा हिवाळा उलटं होऊन नाकातोंडात पाणी घालून घ्यायचं. मला ते भलतंच आवडलं, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

जागा आधी. ट्रेंट ब्रिजचं क्रिकेट मैदान आपल्याला माहीत असतं. त्याच ट्रेंट नदीच्या कडेने थोडं खाली गेलं की होम पियरपॉइंटचं नॅशनल वॉटर स्पोर्ट्स सेंटर लागतं. दोन किलोमीटरचा सरळसोट रोइंगचा तलाव, आणि शेजारी १९८६ साली सुरू झालेला काँक्रीटचा व्हाइटवॉटर कोर्स, म्हणजे खळाळत्या पाण्याचा बांधीव प्रवाह: लांबी ७०० मीटर, उतार ४ मीटर. १९९५ची स्लॅलम (टांगलेल्या खांबांमधून नाव काढायची शर्यत) जागतिक स्पर्धा आणि २०२२ची फ्रीस्टाइलची (लाटेवर नावेच्या कसरती) जागतिक स्पर्धा इथेच झाली. त्याच पाण्यात आम्ही नवशिके गटांगळ्या खातो, याचं मला अजून अप्रूप आहे.

इथे पंप नाहीत. लंडनजवळ ली व्हॅलीला २०१२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या कोर्सवर पाणी पंपाने वर चढवतात आणि नावेत बसल्या बसल्या सरकता पट्टा तुम्हाला वर नेऊन सोडतो. इथे नदीवरच्या दरवाज्यांनी पाणी अडवलंय, आणि कोर्स म्हणजे त्या दरवाज्यांना दिलेली बगल. वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक हेच इंजिन. त्यामुळे होतं असं की पाऊस जोरात झाला की नवीन माणूस खूश होतो, आज धमाल! प्रत्यक्षात पूर आला की खालची पातळी वर चढते, फरक उरत नाही आणि कोर्स चक्क बुडतो. शनिवारी जायचं तर शुक्रवारी रात्री नदीची पातळी ऑनलाइन बघायची, हे माझ्या नवऱ्यालाही आता पाठ झालंय. कुंडलिकेतही खेळ सोडलेल्या पाण्यावरच चालतो; भिऱ्याला वीज करून सोडलेलं ते पाणी सकाळी येतं, तेवढ्यात उरकायचं. फरक इतकाच की तिथे वेळ वीजवाले ठरवतात, इथे ट्रेंट.

आता क्लब. कोर्स कितीही नावाजलेला असला तरी क्लबाशिवाय माझ्यासारखीला त्याचा शून्य उपयोग होता. हिवाळ्यात संध्याकाळी पोहण्याच्या तलावात रोल शिकवतात. नाव उलटी करायची, पाण्याखालूनच वल्हं पृष्ठभागाशी आणायचं आणि कंबरेच्या झटक्याने नाव सरळ करायची. सगळ्यांचं चुकतं ते एकाच जागी: डोकं आधी वर काढतात. डोकं शेवटी यायला हवं. आमची शिकवणारी बाई सत्तरीची आहे. ती हे दर वेळी त्याच शांतपणे सांगते, जणू आजच पहिल्यांदा सांगतेय.

कोर्सवर पहिले कित्येक दिवस फक्त एडीत शिरणं आणि बाहेर पडणं. काठाच्या काँक्रीटच्या आडोशाला पाणी वळून उलटं, प्रवाहाच्या विरुद्ध वर चढत असतं; त्याला एडी म्हणतात. ते पाणी आणि मुख्य प्रवाह यांच्यात फेसाची रेघ डोळ्यांना स्पष्ट दिसते. ती ओलांडून प्रवाहात जाताना नाव खालच्या अंगाला कलती करायची, बाइक वळवताना आपण कलतो तशी. मन मात्र नेमकं उलटं सांगतं, कारण पाणी वरून अंगावर येत असतं. वरच्या अंगाला झुकलात की वरची कड प्रवाहाच्या तावडीत सापडते आणि पापणी लवायच्या आत आकाशाऐवजी तपकिरी अंधार. मग पोहत बाहेर. काठावरून कोणीतरी दोरीची पिशवी फेकतं, दुसरं कोणी नाव पकडतं, तिसरं वल्हं, आणि कोणी हसत नाही. पुढच्या फेरीला दोरी तुमच्या हातात. ही शिस्त मला क्लबातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. खाली ‘मंचर’ नावाचा एक स्टॉपर, म्हणजे पाणी जागच्या जागी उलटं फिरून नावेला धरून ठेवतं अशी जागा, आहे (पुणे-नाशिक रस्त्यावरच्या मंचरशी संबंध नाही), तिथे तर दोरीवाला काठावर उभा असल्याशिवाय आमचा गट जातच नाही.

पाण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. बर्मिंगहॅम, डर्बी, लेस्टर ही सगळी शहरं या नदीच्या वरच्या अंगाला आहेत. त्यांचं प्रक्रिया केलेलं आणि मोठ्या पावसात न केलेलंही सांडपाणी शेवटी याच वाटेने येतं. मुंबईच्या पुरानंतरची लेप्टोची साथ आठवत असेल तर इथे तोच रोग ‘वाइल्स डिसीज’ म्हणून सांगतात. जखम असेल तर वॉटरप्रूफ पट्टी, खाण्याआधी साबणाने हात, घरी गेल्यावर आधी अंघोळ. आणि नंतर ताप आला तर डॉक्टरला नदीचं आवर्जून सांगायचं.

तक्रारीही आहेत. क्लबाचं सामान धिप्पाड गोऱ्या पुरुषांच्या मापाचं. मला मिळालेलं लाइफ जॅकेट पट्टे पूर्ण ओढूनही कानापर्यंत वर सरकायचं, आणि पाण्यात ते धोक्याचंच. मी दुसऱ्याच महिन्यात स्वतःचं घेतलं. स्प्रेडेक (कंबरेला घालून नावेचं तोंड बंद करायचा पडदा) घट्ट, थंडीत बोटं बधिर झाली की नावेच्या कडेवर बसतच नाही. कपडे बदलायचे ते गाडीच्या आडोशाला. सरकता पट्टा नाही, म्हणजे प्रत्येक फेरीनंतर वीसेक किलोची नाव खांद्यावर आणि ७०० मीटर पायपीट. पहिल्या महिन्यात मला दंडापेक्षा खांदाच जास्त दुखला. शिवाय क्लबातली निम्मी माहिती व्हॉट्सअॅपवर जुन्या लोकांच्या आपापसातल्या भाषेत येते. नवख्याने विचारल्याशिवाय कोणी उलगडून सांगत नाही, विचारलं तर मात्र तासभर सांगतात.

पैशांचं म्हणाल तर क्लबची वर्गणी आणि कोर्सचं शुल्क वेगवेगळं धरा. पॅडल यूके या वल्हवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संस्थेचं सभासदत्व वेगळं घेतलंत तर विमा येतो आणि इंग्लंडातल्या बऱ्याच कालव्यांवर, नद्यांवर नाव घालायचा परवानाही. ते वसूल होतं. ड्रायसूटची (अंग पूर्ण कोरडं ठेवणाऱ्या पोशाखाची) घाई करू नका, पहिला हिवाळा बराचसा पोहण्याच्या तलावातच जातो. उन्हाळ्यापर्यंत टिकलात तर जाड निओप्रीनच्या (रबरासारख्या कापडाच्या) सूटवर भागतं. पोहता येत नसेल तर आधी ते शिका. आणि चष्मा असेल तर दोरी बांधा, माझ्या ओळखीतल्या दोघांचे चष्मे ट्रेंटच्या तळाशी आहेत.