पीएनआर होता, तिकीट नव्हतं

कराडला स्टँडजवळ माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, लक्झरी आणि वर्षाला दीड-दोनशे विमान तिकिटं. आयाटाची, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची, मान्यता माझ्याकडे नाही. त्याला सहसा बँक गॅरंटी लागते, ती आमच्या आवाक्याबाहेरची. म्हणून आमच्यासारखे सबएजंट एखाद्या पोर्टलचं लॉगिन घेतात, तिथल्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरतात, आणि तिकीट काढलं की त्यातून रक्कम कापली जाते. अशा एका पोर्टलमध्ये माझे ४ लाख १२ हजार बुडाले. आमच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरांनी आणि तिकिटं काढून घेणाऱ्या गिऱ्हाइकांनीही वाचावं म्हणून लिहितोय.

२०१७ मध्ये त्यांचा माणूस दुकानात आला. "दादा, मेकमायट्रिप २००० साली सुरू झाली आणि दहा वर्षांत अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारावर गेली. आपली पण तीच लाइन आहे." २००८ च्या सुमारास बहुतेक मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन शून्यावर आणलं, तेव्हापासून आम्ही मार्कअपवरच, म्हणजे तिकिटाच्या किमतीवर लावलेल्या जादा रकमेवरच, जगतो. त्यात हा म्हणाला, एक लाखाचा टॉप-अप करा, दीड हजार जादा जमा होतील. ज्या धंद्यात तिकिटामागे दोन टक्के सुटायची मारामार, तिथे नुसते पैसे ठेवण्याबद्दल दीड टक्का कुठून देतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

तीन वर्षं मात्र कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. वीस सेकंदांत तिकीट. गोव्याला एजंटांचा मेळावा, मोठं हॉटेल, स्टेजवर मालक. तिथे मिळालेली बॅग बायको अजून भाजीला नेते.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशांतर्गत विमानं थांबली. कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी पैसे क्रेडिट शेलमध्ये टाकले, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी स्वतःकडेच जमा ठेवले. १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की लॉकडाऊनमधल्या प्रवासासाठी लॉकडाऊनमध्येच एजंटकडून काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करा आणि एजंटाने ते लगेच प्रवाशाला द्या. माझ्या गिऱ्हाइकांचे काही आले, काही "प्रोसेस"मध्ये राहिले. चौकशी केली की उत्तर ठरलेलं, "एअरलाइनकडूनच आले नाहीत." दोन प्रकरणांत मी विमान कंपनीला मेल टाकला. त्यांनी कळवलं, पैसे केव्हाच पाठवलेत. एवढं कळूनही मी थांबलो नाही, कारण माझे दोन लाख आत होते आणि ते काढून घ्यायचा अर्ज केला की लॉगिन बंद होत असे.

मे २०२३ मध्ये गो फर्स्ट या विमान कंपनीने विमानं थांबवून दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे देशभरातल्या एजंटांचे पैसे अडकले, पोर्टलचेही अडकले असणार. पण त्याच महिन्यात आम्हाला टॉप-अपवर तीन टक्क्यांची ऑफर आली. नव्या पैशातून जुनी तिकिटं भागवणं चालू होतं, हे आज दिसतं. त्या दिवशी मी आणखी दोन लाख भरले.

सप्टेंबरात आमचे प्राथमिक शाळेचे गुरुजी आले. लेकीचं बाळंतपण अबुधाबीला, गुरुजी आणि काकू दोघांची तिकिटं हवी होती. मी काढली. संध्याकाळी विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून पाहिला. नावं बरोबर, तारीख बरोबर. निर्धास्त झालो.

मुंबईला गेटवरच्या जवानाने कागद आणि पासपोर्ट बघून आत सोडलं. काउंटरवर मुलगी म्हणाली, "बुकिंग झालं होतं, पण तिकीट काढलंच नाही. मुदत संपली, सीट सुटल्या." गुरुजींचा फोन आला, "अरे, ही म्हणते आम्ही यादीतच नाही. काकू बाकावर बसलीय, तिला काय सांगू?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. त्याच रात्री क्रेडिट कार्डावर ९८ हजारांची नवी तिकिटं काढून दिली.

मग पोर्टलची प्रिंट पुन्हा पाहिली. ठळक हिरव्या अक्षरांत कन्फर्म्ड. खाली "तिकीट क्रमांक" असा रकाना, आणि त्यात तोच सहा अक्षरी पीएनआर पुन्हा छापलेला! खरा ई-तिकीट क्रमांक तेरा आकडी असतो आणि पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८. पीएनआर म्हणजे नुसती धरून ठेवलेली जागा. पैसे पोचले नाहीत की ती आपोआप सुटते. इंडिगोसारख्यांच्या तिकिटाला पीएनआरच पुरतो, त्या सवयीने माझे डोळे बांधले होते.

महिन्याभरात पोर्टलचा फोन लागेना. वकिलाने सांगितलं ते ऐकून जास्त धक्का बसला. ते वॉलेट म्हणजे व्यापारातला आगाऊ भरणा. आम्ही कंपनीचे विनातारण घेणेकरी, म्हणजे पैसे येणं आहेत पण तारण काही नाही. दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज करायला २०२० पासून थकबाकी किमान एक कोटीची लागते. ग्राहक आयोगात "तुम्ही धंद्यासाठी घेतलं" म्हणून अडवतात, पोटापाण्याचा स्वयंरोजगार आहे हे तिथे सिद्ध करत बसायचं. गिऱ्हाईक मात्र माझ्यावर दावा लावू शकतं. कार्डाने भरले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागता आला असता. मी प्रत्येक टॉप-अप एनईएफटीने केला होता, कारण कार्डाला पावणेदोन टक्के जादा लागायचे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका पोर्टलचा पोरगा आला. दोन लाख ठेवले तर दीड टक्का जादा. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, तिकीट कुणाच्या आयाटा नंबरवर निघतं, आणि पैसे परत मागितले तर किती दिवसांत, तेवढं लेटरहेडवर लिहून दे. "वरती विचारून सांगतो, दादा," म्हणाला. अजून फोन आलेला नाही.