माळढोकाचं 'जुनं' चित्र घेताना मी फसलो

नान्नजच्या माळावर वडिलांनी मला माळढोक दाखवला तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. त्याची ती मान वर काढून उभं राहण्याची ऐट अजून डोळ्यांसमोर आहे. आता नान्नजला कितीही चकरा मारल्या तरी तो दिसत नाही. निदान त्याचं एखादं अस्सल जुनं चित्र घरात असावं असं फार वाटायचं, आणि त्यापायीच माझे १८,००० रुपये गेले.

फेब्रुवारीत सोलापुरात जुन्या वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं. एका विक्रेत्याकडे फ्रेममध्ये माळढोक होता. "मालक, ह्यूम आणि मार्शलच्या पुस्तकातलं पान आहे, १८७९चं. हातानं रंगवलेलं. मुंबईत याचे चाळीस हजार मोजतात." कागद पिवळट, त्यावर तपकिरी डाग. चित्राभोवती चौकोनी दाबाची खूण होती, ती काचेवरून बोट फिरवून दाखवत तो म्हणाला, "हाच पुरावा." मागची बाजू कागद चिकटवून बंद केलेली. "उघडू नका, हवा लागली की रंग जातात." मी विश्वास ठेवला आणि रोख पैसे दिले. पावतीवर त्यानं लिहिलं, 'चित्र १ नग'. सालही नाही, पुस्तकाचं नावही नाही. तिथंच थांबायला हवं होतं.

जुलैत काचेच्या आत ओल दिसली म्हणून फ्रेम उघडली. मी तीस वर्षं जेकार्ड चादरींची डिझाइनं करतोय, धागे मोजायचं भिंग कायम खणात असतं. ते चित्रावर ठेवलं आणि पोटात धस्स झालं. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, एकसारख्या अंतरावर, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. खालच्या नावाची अक्षरंसुद्धा ठिपक्यांचीच.

मग मी वाचायला बसलो. काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच. त्यांचं आणि मार्शल यांचं शिकारपक्ष्यांवरचं पुस्तक कलकत्त्यात १८७९ ते १८८१ या काळात तीन खंडांत निघालं. त्यातली चित्रं रंगीत शिळाछापाची, म्हणजे रंगागणिक वेगळा दगड. त्यांतही भिंगाखाली ठिपके दिसू शकतात, पण ते कारागिराच्या हातचे, लहानमोठे, वेडेवाकडे असतात. हातानं रंगवलेली चित्रं वेगळी. जॉन गूल्ड यांच्या १८३०च्या दशकातल्या हिमालयातल्या पक्ष्यांच्या पुस्तकात पक्षी दगडावरून काळ्या शाईत छापलेले आहेत आणि जलरंग कुंचल्यानं भरलेत. तिथं कुठे कुठे रंग रेषेबाहेर गेलेला सापडतो. म्हणजे 'ह्यूमचं, हातानं रंगवलेलं' हे त्याचं वाक्यच चुकीचं होतं. आणि दाबाची ती खूण उठते तांब्याच्या पत्र्यावरून छापताना. शिळाछापाच्या चित्राला ती असायचं कारणच नाही. मला दाखवलेला पुरावाच त्याच्या विरुद्ध होता, पण तेव्हा मला हे कुठं माहीत!

शेजारच्या कापड दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा आहे. कागदाचा कोपरा थोडा फाडून त्याखाली धरला, तर आतला पांढरा भाग निळसर चमकला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमकणारी रसायनं १९५०च्या आसपास आली. १८७९च्या कागदात ती कुठून येणार? वरचा पिवळेपणा बहुतेक चहाच्या पाण्याचा.

विक्रेत्याचा फोन बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, तिथं पहिला प्रश्न पावतीचा. 'चित्र १ नग' पाहून साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

गेल्या आठवड्यात पंढरपूरच्या एका ओळखीच्या पक्षिमित्रानं त्याच्या माळढोकाचा फोटो पाठवला. त्यानं २२,००० दिले होते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. डाव्या पायाखाली चिंचोक्याएवढा तपकिरी डाग, वर उजव्या कोपऱ्यात तीन लहान ठिपके. दोन्हींत अगदी त्याच जागी. डागसुद्धा छापलेले होते. असे डाग असलेला माळढोक कुणी तुमच्यापुढे धरला, तर पैसे देऊ नका आणि आम्हा दोघांना कळवा.