गणपतीत ‘कवी कलश’ कथाकथन बोलवायचं असेल तर बिनधास्त बोलवा (इंदूर)

यंदा सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा नको म्हणून इंदूरच्याच एका जोडप्याचं कथाकथन ठेवलं, विषय कवी कलश, म्हणजे संभाजीराजांचे जवळचे कवी आणि सल्लागार. ताई सांगतात, यजमान पेटीवर बसून मधे मधे छंद म्हणतात, बस एवढंच, ना लाइटिंग ना ड्रेस, तरी पोरंसोरं जागची हलली नाहीत.

आपल्याकडे कलश म्हटलं की घरोघरी एकच ऐकलेलं असतं, कनौजी ब्राह्मण, मंत्रतंत्र करणारा, संभाजीराजांना नादी लावणारा. ताईंनी सुरुवातीलाच तिथे हात घातला, की ही बदनामी एवढी पसरली ती मुख्यतः मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून, आणि ती बखर लिहिली गेली सगळं होऊन शंभरच्या वर वर्षं उलटल्यावर. आणि हे चिटणीस वंशज कोणाचे, तर शिवरायांच्या वेळच्या जुन्या चिटणीसांचे, बाळाजी आवजींचे, ज्यांना १६८१ मध्ये दुसरे जुने कारभारी अण्णाजी दत्तो यांच्यासोबत कटाच्या आरोपावरून राजांनी मारलं! इथे आमची मागच्या खुर्च्यांवरची आजोबा मंडळी एकदम सावरून बसली. मला हाच भाग सगळ्यात आवडला, कारण बाहेरून आलेला एक कवी ‘छंदोगामात्य’ (राजांनी दिलेला अमात्यपदाचा किताब) होतो, राजाच्या कानाशी बसतो, तर जुन्या मानकऱ्यांना ते खुपणारच ना. आपण मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहतो, बाहेरून येऊन राहणं काय असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

१६८८ चं शिर्के प्रकरण मात्र फार घाईत उरकलं. शिर्के या मराठा सरदार घराण्याशी झगडा, कलशांना विशाळगडाचा आसरा घ्यावा लागला, राजे स्वतः मदतीला धावले, एवढं सगळं पाच मिनिटांत, नवीन माणसाला नावंच लक्षात राहणार नाहीत. आणि कलशांचा कारभार खरंच कसा होता, लोक चिडले त्यात त्यांची काही चूक होती का, हेही यायला हवं होतं, माणूस नुसता बिचारा नव्हता.

पण संगमेश्वर! १ फेब्रुवारी १६८९, मोगल सरदार मुकर्रबखानाचा छापा, कलशांच्या हाताला बाण लागतो, राजे आणि कलश दोघेही पकडले जातात. ते वाक्य झाल्यावर ताईंनी उजवा हात मांडीवर ठेवला तो शेवटपर्यंत उचललाच नाही, पुढे बहादूरगडची धिंड, जीभ छाटणं, ११ मार्चची दोघांची हत्या, सगळं डाव्या हातानं सांगितलं. कोणाला कळलं, कोणाला नाही, माझ्या अंगावर काटा आला. मग यजमानांनी तो औरंगजेबासमोरचा म्हणून कलशांच्या नावावर सांगितला जाणारा हिंदी छंद म्हटला, राजांना रावणाच्या सभेतल्या बजरंगाची उपमा असलेला, आणि आमचे हिंदीभाषिक शेजारी आपसूक वाह वाह करू लागले. पुण्या-मुंबईत हा छंद समजावून सांगावा लागत असेल, इंदूरला गरज नाही.

बोलावणार असाल तर माइक स्वतःचा ठेवा, त्यांच्या माइकला घरघर आहे. दोन तास धरा, आरतीनंतर लगेच सुरू करा आणि प्रसाद शेवटी वाटा, आमच्याकडे मधेच मोदक फिरले आणि शिर्के प्रकरण अजूनच हरवलं. मानधन आपल्या बजेटप्रमाणे बोलून ठरतं, अडून बसत नाहीत. लहान मुलं जास्त असतील तर शेवटचा भाग थोडा सौम्य सांगा म्हणावं, त्या ऐकतात. पुढच्या वर्षी परत त्यांनाच सांगणार आहोत.